ट्रॅक्टरच्या ईसीयूचा रिमॅप : बेंबळीच्या काळ्या रानात तो कुठे कामाचा, कुठे बिनकामाचा

रस्त्यापेक्षा रानात अधिक चालणाऱ्या वाहनांच्या इंजिनाचा ताबा आता हळूहळू एका लहानशा संगणकाकडे जाऊ लागला आहे. त्याला इंजिन कंट्रोल युनिट, थोडक्यात ईसीयू, म्हणतात, आणि कारखान्यातून त्यात भरून आलेले आकडे बदलून इंजिनाची ताकद वाढवण्याच्या कामाला रिमॅप किंवा ट्यूनिंग असे नाव रूढ झाले आहे. परदेशात या कामाचा मोठा बाजार पोलारिस आरझेडआर किंवा कॅन-ॲम मॅव्हरिक यांसारख्या साइड-बाय-साइड वाहनांभोवती, म्हणजे दोघे शेजारी-शेजारी बसू शकतील अशा हलक्या, चारचाकी, खेळाच्या वाहनांभोवती आहे. धाराशिव तालुक्यातील बेंबळीसारख्या गावात मात्र रानात चालणारे इंजिनाचे वाहन म्हणजे ट्रॅक्टर, आणि त्याच्या ताकदीचा प्रश्न हौसेचा नसून नांगरट, रोटाव्हेटर, मळणी आणि ऊसवाहतूक यांच्या हिशेबाचा आहे. म्हणून रिमॅप करावा की नाही, याचे उत्तरही ट्रॅक्टर कोणते काम करतो यावरूनच काढावे लागते; इंजिनाची क्षमता पाहून दिलेले सरसकट उत्तर येथे फसवे ठरते.

ईसीयू प्रत्यक्षात काय करतो, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे. कॉमन रेल पद्धतीच्या डिझेल इंजिनात एक पंप डिझेल मोठ्या दाबाने एका सामाईक नळीत साठवून ठेवतो आणि त्या नळीतून प्रत्येक सिलिंडरच्या इंजेक्टरला डिझेल मिळते. हा दाब वातावरणाच्या हजारपटीच्या पुढे, कित्येक इंजिनांत १,६०० बारपर्यंत जातो. इंजेक्टर कोणत्या क्षणी उघडायचा, किती वेळ उघडा ठेवायचा आणि त्या वेळी नळीतला दाब किती असावा, हे ईसीयू ठरवतो, आणि त्यासाठी क्रँकची स्थिती, ॲक्सिलरेटरची स्थिती, आत येणाऱ्या हवेचा दाब व तापमान, कूलंटचे तापमान अशा अनेक सेन्सरांकडून येणारी माहिती तो सतत वाचत असतो. इंजिनाचे फेरे आणि त्यावरचा भार यांच्या प्रत्येक जोडीसाठी किती डिझेल द्यायचे, याचे कोष्टक त्याच्या स्मृतीत असते आणि त्या कोष्टकालाच मॅप म्हणतात. या मूळ कोष्टकांच्या वर मर्यादांची आणखी काही कोष्टके असतात : हवा कमी असताना डिझेल रोखून धूर टाळणारी मर्यादा, गिअरबॉक्सला झेपेल एवढाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, होऊ देणारी मर्यादा, आणि इंजिन तापू लागले की आपोआप ताकद उतरवणारी मर्यादा. रिमॅप करणारा कारागीर मुख्यतः या मर्यादाच वर सरकवतो. त्यांतली प्रत्येक मर्यादा कशासाठी ठेवलेली आहे, हे ज्याला सांगता येत नाही त्याच्या हाती ट्रॅक्टर देऊ नये.

हा सारा प्रश्न कोणत्या ट्रॅक्टरला लागू होतो, हेही स्पष्ट असावे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या, काटेकोर सांगायचे तर ३७ किलोवॅट व त्यापुढील, नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हे धूर-उत्सर्जनाचे निकष लागू झाले आणि त्यानंतर या गटात कॉमन रेल व ईसीयू ही नेहमीची बाब झाली. त्याखालच्या ट्रॅक्टरांत अजूनही प्रामुख्याने यांत्रिक पंपच आहे. अशा ट्रॅक्टरला रिमॅप करण्यासारखे काही नसते. तेथे ‘पंप वाढवणे’ चालते, म्हणजे पंपावरचे सील तोडून डिझेलचा स्क्रू फिरवणे. या स्क्रूने फेरे, हवा, तापमान काहीही न पाहता डिझेल वाढते, त्यामुळे ट्रॅक्टर थोडे दिवस जोर दाखवतो आणि काळा धूर मारतो. न जळालेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ पडते आणि रिंग-पिस्टनचे काम वेळेआधी निघते. यांत्रिक पंपाच्या ट्रॅक्टरसाठी योग्य मार्ग एकच आहे : पंप व नोझल डिझेल पंपाच्या प्रयोगशाळेत नेऊन कंपनीच्या मूळ मापावर कॅलिब्रेट करून घेणे.

साइड-बाय-साइड वाहनांच्या ट्यूनिंगची माहिती चित्रफितींतून भरपूर मिळते, पण ती ट्रॅक्टरवर जशीच्या तशी लावता येत नाही. त्या वाहनांची इंजिने पेट्रोलची, हलकी आणि जलद फिरणारी असतात. त्यांत ठिणगीची वेळ, हवा व पेट्रोलचे प्रमाण आणि टर्बोचा दाब बदलला जातो आणि भीती असते ती नॉकिंगची, म्हणजे ज्योत पोहोचण्याआधीच पेट्रोल आपोआप भडकून पिस्टनवर बसणाऱ्या ठोक्याची. शिवाय त्यांच्यात बेल्टवर चालणारे, गिअर न बदलता आपोआप प्रमाण बदलणारे सीव्हीटी असते. इंजिन वाढवले आणि क्लचमधली वजने तशीच ठेवली तर वाढलेली ताकद चाकापर्यंत न पोहोचता बेल्ट जाळण्यात जाते. मध्य प्रदेशातील पिथमपूरला २००७ पासून भरत आलेल्या बाहा एसएई-इंडिया या विद्यार्थ्यांच्या बग्गी-स्पर्धेत सर्व संघांना सारखेच इंजिन बसवावे लागे आणि त्यात बदल करण्यास मनाई होती. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ तेथे जी चढाओढ करत आले ती सीव्हीटी, वजन, टायर आणि सस्पेन्शन यांवर. इंजिनाला हात न लावता किती फरक पाडता येतो, हे त्या स्पर्धेने पुरेसे दाखवले आहे, आणि ट्रॅक्टरच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच खरी आहे.

‘ट्रॅक्टर दबतो’, ‘लोड घेत नाही’ ही तक्रार घेऊन रिमॅपकडे जाण्यापूर्वी ती तक्रार तपासून घ्यावी, कारण बऱ्याचदा ताकद कमी नसते, ती अडवलेली असते. ट्रेम-४ च्या अनेक ट्रॅक्टरांत कंपनीनेच डिझेल बचतीचा, सर्वसाधारण आणि पूर्ण ताकदीचा असे वेगवेगळे मोड बटणावर दिलेले असतात. चालक बदलला, बटण बचतीवर राहिले आणि मालकाने इंजिनाला दोष दिला, असे सहज घडू शकते. त्यानंतर रेडिएटर पाहावा. सोयाबीनच्या मळणीत ट्रॅक्टर तासन्‌तास जागेवर उभा राहून भुसकट ओढतो, त्याची जाळी बुजते, कूलंट तापते आणि ईसीयू मुकाट्याने ताकद उतरवतो. हवेचा फिल्टर, टर्बोपासून निघणाऱ्या रबरी नळ्यांच्या क्लिपा आणि डिझेल फिल्टरखालचा पाणी साठवणारा पेला या तीन जागा याच क्रमाने तपासाव्यात. रानात प्लॅस्टिकच्या कॅनमधून डिझेल ओतण्याची पद्धत यांत्रिक पंपाने चालवून घेतली. कॉमन रेलच्या पंपातील व इंजेक्टरमधील फटी मायक्रॉनमध्ये मोजाव्या लागतात, त्यामुळे तेथे कॅनच्या तळाचे पाणी आणि माती हजारोंचा खर्च काढतात.

यानंतरही तक्रार उरली तर स्कॅनर लावून ट्रॅक्टर चालू कामात वाचावा; उभ्या ट्रॅक्टरवर घेतलेल्या वाचनाला फारसा अर्थ नसतो. पडद्यावर नळीतल्या दाबाचे दोन आकडे दिसतात, एक ईसीयूने मागितलेला आणि दुसरा प्रत्यक्ष मिळालेला. समजा नांगर जमिनीत असताना मागणी १,४०० बारची आहे आणि मिळतात १,१५० बार, तर दोष मॅपमध्ये नसून फिल्टर, पंप किंवा परत डिझेल गळणाऱ्या इंजेक्टरमध्ये आहे. अशा ट्रॅक्टरला रिमॅप करणे म्हणजे न पुरणाऱ्या पंपाकडे आणखी मागणी करणे होय. तसेच ॲक्सिलरेटरचे टक्के पाहावेत. हाताचा ॲक्सिलरेटर पूर्ण ओढूनही पडदा ८५ टक्केच दाखवत असेल, तर सेन्सर बदलल्याने जे मिळेल ते दुसऱ्या कशाने मिळणार नाही.

हवेचा हिशेबही बेंबळीच्या बाबतीत वेगळा मांडावा लागतो. धाराशिवचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० ते ६५० मीटर उंच आहे आणि उन्हाळी नांगरट होते तेव्हा दुपारचे तापमान ४० अंशांच्या पुढे असते. उंचीमुळे हवेचा दाब सात-साडेसात टक्क्यांनी कमी आणि उष्णतेमुळे ती आणखी विरळ, असा दोन्हींचा गुणाकार केला तर समुद्रकाठच्या १५ अंश तापमानाच्या हवेपेक्षा एप्रिल-मे महिन्यातली येथील हवा सुमारे १५ टक्क्यांनी विरळ भरते. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यास साधारण साडेचौदा किलो हवा लागते, आणि डिझेल इंजिनात हे प्रमाण अठराच्या आसपास उतरले की धूर दिसू लागतो. टर्बो ही तूट काही अंशी भरून काढतो, पण त्यासाठी त्याला अधिक वेगाने फिरावे लागते, म्हणजे त्याच्या हाती शिल्लक कमी राहते. थंड हवेच्या किंवा सखल प्रदेशातील ट्रॅक्टरवर तयार केलेली फाइल इंटरनेटवरून उतरवून येथील ट्रॅक्टरमध्ये भरली, तर जानेवारीत ठीक वाटणारे इंजिन मे महिन्यात धूर मारते आणि तापते, याचे कारण हेच आहे.

आता कामानुसार विचार करता येतो, आणि त्यात नांगरटीचा विचार सर्वांत तपशिलाने करणे योग्य ठरते, कारण ‘ताकद कमी पडते’ हे वाक्य सर्वाधिक ऐकू येते ते पलटी नांगराच्या मागेच. ५० अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांवर सुमारे १७८ न्यूटन-मीटर टॉर्क देते. ताशी ५ किलोमीटर वेगाने चालताना मागचे मोठे चाक मिनिटाला जेमतेम वीस फेरे घेते, म्हणजे मधले गिअर इंजिनाचा टॉर्क सुमारे शंभरपट करतात. गिअरमधील घट वजा केली तरी चाकाच्या कडेला सव्वादोन टनांच्या आसपास ओढ निर्माण होऊ शकते. दुसऱ्या बाजूला, मागच्या चाकांवर नांगराच्या भारासह समजा अडीच टन वजन आहे. नांगरटीच्या जमिनीवर टायरला त्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास पकड मिळते, म्हणजे सव्वा टन. इंजिन सव्वादोन टन ओढू शकते आणि टायर सव्वा टनाला सुटतो. या ठिकाणी ईसीयूत वीस टक्के टॉर्क वाढवला तर चाक अधिक जोराने गरगरेल, नांगर मात्र पुढे जाणार नाही. वरचा गिअर टाकून वेग वाढवला तर इंजिनाची मर्यादा आधी येते हे खरे, पण भारी काळ्या जमिनीत खोल नांगरट त्या वेगाने करणे क्वचितच शक्य होते.

चाक किती सुटते, हे मोजण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. मागच्या टायरवर खडूने खूण करावी, नांगर उचलून चाकाचे दहा फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर चालवावा आणि अंतर मोजावे. मग त्याच रानात, त्याच गिअरमध्ये, नांगर लावून पुन्हा दहा फेऱ्यांचे अंतर मोजावे. मोकळ्या चालीत ४२ मीटर आणि नांगरासह ३४ मीटर भरले, तर ८ मीटर वाया गेले, म्हणजे घसरण १९ टक्के झाली. दोन चाकी ओढीच्या ट्रॅक्टरमध्ये ही घसरण दहा ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान असावी. त्याहून अधिक असेल तर मागच्या चाकांना वजने लावावीत, टायरमध्ये पाणी भरावे, टायरची हवा त्यावरच्या भारासाठी कंपनीने दिलेल्या मर्यादेत उतरवावी आणि वाफसा येण्याची वाट पाहावी. वाफसा नसलेल्या काळ्या रानात कोणत्याही अश्वशक्तीचा उपयोग होत नाही, हे बेंबळीच्या शेतकऱ्याला सांगण्याची गरज नाही. घसरण उलट दहाच्या खाली असेल तर ट्रॅक्टरवर नाहक वजन लादले आहे आणि ते ओढण्यातच डिझेल जाते. या मोजणीनंतर घसरण योग्य मर्यादेत आहे आणि तरीही इंजिनाचे फेरे पडतात, असे दिसले तरच नांगरटीच्या कामात इंजिनाकडे बोट दाखवता येते.

पीटीओच्या कामाचे गणित निराळे आहे. पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा. रोटाव्हेटर आणि मळणी यंत्र त्यावर चालतात, ताकद टायरमधून न जाता सरळ यंत्रात जाते, आणि त्यामुळे इंजिन वाढवल्याचा लाभ खरोखर मिळू शकेल असे हेच मुख्य ठिकाण आहे. तथापि येथेही आधी यंत्राची योग्यता पाहावी. सात फुटी रोटाव्हेटर ओढताना दबणारा ट्रॅक्टर सहा फुटी रोटाव्हेटरवर मोकळा चालतो. झिजलेली पाती माती कापण्याऐवजी बडवतात आणि तेवढ्यासाठी ताकद खातात. आणि एक गिअर खाली उतरवणे हा तर बिनखर्चाचा उपाय आहे. आपल्या ट्रॅक्टरची पीटीओवर किती ताकद मिळायला हवी, हे जाहिरातीवरून ठरवू नये. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्रसामग्री प्रशिक्षण व चाचणी संस्था ट्रॅक्टरांची चाचणी घेऊन अहवाल प्रसिद्ध करते आणि त्यात पीटीओवरची कमाल ताकद, डिझेलचा खप, टॉर्कची राखीव शिल्लक आणि ओढ यांचे आकडे मिळतात. विकत घेण्यापूर्वी ते वाचले तर पुढे रिमॅपचा प्रश्नच बहुधा उद्भवत नाही.

वाहतुकीसाठी रिमॅप करू नये. गाळप हंगामात उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे असताना चढावर इंजिन कमी पडते आणि तेथे वाढीव टॉर्क उपयोगी पडतो, हे तांत्रिकदृष्ट्या नाकारता येणार नाही. पण जे वजन चढावर ओढले ते उतारावर थांबवावेही लागते, आणि सर्वसाधारण ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसल्याने ते काम ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर पडते. रिमॅपमध्ये कमाल फेऱ्यांची मर्यादाही वर नेली आणि वेग ताशी २० किलोमीटरवरून २६ झाला, तर थांबवायची ऊर्जा जवळपास १.७ पट होते. येडशीच्या किंवा तुळजापूरच्या घाटात या आकड्याचा अर्थ काय होतो, हे कोणत्याही चालकाला कळते.

एवढे सर्व पाहून, मुख्यतः पीटीओच्या कामासाठी, हमी संपलेल्या ट्रॅक्टरचा रिमॅप करायचाच झाला तर काही गोष्टींवर तडजोड करू नये. बाजारात मिळणारी ‘चिप’ किंवा ‘पॉवर बॉक्स’ टाळावा; तो ईसीयूच्या आतले काही बदलत नाही, तर दाबाच्या सेन्सरच्या तारेत बसून नळीतला दाब खरा आहे त्याहून कमी असल्याचे खोटे सांगतो, आणि फसलेला ईसीयू दाब वाढवत नेतो. खऱ्या रिमॅपमध्ये कारागिराने प्रथम ईसीयूतील मूळ फाइल वाचून तिची प्रत मालकाच्या पेन ड्राइव्हवर द्यावी. प्रत देण्यास नकार मिळाला तर तेथूनच परत फिरावे. लेखन चालू असताना बॅटरीचा दाब पडला तर अर्धवट लिहिलेला ईसीयू निकामी होतो, म्हणून हे काम रानात न करता वर्कशॉपमध्ये, बॅटरीला स्थिर वीजपुरवठा जोडूनच करून घ्यावे. फाइलमध्ये चेकसम नावाची एक बेरीज असते, जिच्यावरून ईसीयू आपले आकडे अखंड आहेत का हे पडताळतो. ती जुळवली नाही तर इंजिन चालूच होत नाही. वाढ दहा टक्क्यांच्या आत ठेवावी, धुराची आणि तापमानाची मर्यादा मुळीच काढू नये, ईजीआर, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी व्यवस्था, बंद करून घेऊ नये, आणि टर्बोच्या अलीकडे धुराचे तापमान मोजणारा प्रोब बसवून पूर्ण भारावर ते ७०० अंश सेल्सिअसच्या खाली राहते याची खात्री करावी, कारण ॲल्युमिनियमचे पिस्टन त्यापुढे फार काळ टिकत नाहीत.

फरक पडला की नाही, हे आवाजावरून किंवा पिकअपवरून ठरवू नये. ॲक्सिलरेटरचे कोष्टक थोडे उतावळे केले की काहीही न वाढवता ट्रॅक्टर चपळ भासू लागतो, आणि ही युक्ती कारागिरांना चांगली ठाऊक असते. पीटीओ डायनॅमोमीटर, म्हणजे दांड्यावर भार घालून ताकद मोजणारे यंत्र, उपलब्ध असेल तर आधीचे व नंतरचे मोजमाप घ्यावे. नसेल तर एकाच रानाचे दोन सारखे तुकडे पाडून, त्याच खोलीवर, त्याच गिअरमध्ये, एक रिमॅपपूर्वी आणि एक नंतर काढावा, मधे पाऊस पडलेला नसावा; दोन्ही वेळा टाकी काठोकाठ भरून सुरुवात करावी आणि शेवटी पुन्हा मापाने काठोकाठ भरावी. एकरी किती लिटर आणि एकरी किती मिनिटे, या दोन आकड्यांत जे दिसेल तेवढेच खरे मानावे. ताकद वाढली म्हणजे डिझेल वाचते, हा समज पारखण्यासही हीच रीत पुरेशी आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी की मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि प्रदूषणाच्या निकषांचा भंग करणारे वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवल्यास कलम १९०(२) नुसार पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ट्रॅक्टर रानापुरता असतो, ही सबब डांबरी रस्त्यावर आल्यावर चालत नाही. विम्याचा दावा करताना आणि ट्रॅक्टर विकतानाही हा बदल उघड करणे मालकाच्या हिताचे आहे. मूळ फाइल पुन्हा भरली की सारे पुसले जाते, असे सांगितले जाते. परंतु अनेक ईसीयूंमध्ये किती वेळा लेखन झाले याची नोंद वेगळी राहते आणि कंपनीच्या संगणकाला ती वाचता येते. याउलट, सर्व्हिसच्या वेळी शोरूमने ईसीयूचे सॉफ्टवेअर अद्ययावत केले तर पैसे देऊन करून घेतलेला रिमॅप कोणालाही न विचारता नाहीसा होतो, म्हणून सर्व्हिसला देताना ही गोष्ट आधी बोलून घ्यावी.